बंदूकहक्क संघटनांवरची टीका: कुठे लागू पडते, कुठे वाया जाते

प्रश्न असा आला आहे: "मी पेनसिल्व्हेनियात राहतो. दोन वर्षांपूर्वी नागरिकत्व मिळालं, यंदा पहिल्यांदा मत देणार आहे. मंडळाच्या गणपतीत जेवताना वाद झाला. एक काका म्हणाले की एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन, इथली मोठी बंदूकहक्क संघटना) म्हणजे खुन्यांची टोळी आहे आणि सगळे सिनेटर त्यांनी विकत घेतलेत. दुसरे एक काका बांधकामाची कंत्राटं घेतात, शिकारीलाही जातात. ते ताट अर्धवट टाकून उठले. या संघटनांवर न्याय्य टीका नेमकी कोणती? आणि त्या खरोखर एका पक्षाची शाखा झाल्या आहेत का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देते. हो, बऱ्याच अंशी झाल्या आहेत. सगळ्या नाहीत, आणि पूर्वीपासून नव्हत्या. पहिल्या प्रश्नाला मात्र जरा बैठक मारावी लागेल.

मी कुठून बोलते ते सांगून टाकते. हॅरिसबर्गला, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या राजधानीत, विधिमंडळात मी चोवीस वर्षं विधेयकांचे मसुदे वाचले, त्यांवर टिपणं लिहिली, दोन्ही पक्षांच्या आमदारांसाठी. त्याआधी काही वर्षं प्रचाराच्या कामात होते आणि उमेदवारांच्या वतीने अशा संघटनांच्या प्रश्नावल्या भरत होते. रायफल पहिल्यांदा हातात घेतली ती सांगलीला, एनसीसीत, पॉइंट टू टू. आज माझ्याकडे पिस्तूल बाळगायचा परवाना आहे. एनआरएची सभासद मात्र मी कधी नव्हते. आपल्याकडून नव्याने आलेल्यांचा एक गोंधळ होतो तोही इथेच मिटवते. भारतातली नॅशनल रायफल असोसिएशन, जिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर होते, ती निव्वळ खेळाची संघटना आहे. कोल्हापूरची पोरं जी मावळंकर स्पर्धा खेळतात ती त्यांच्याच नावाची. अमेरिकेतल्या एनआरएशी तिचं नातं नावापुरतंच.

गंमत म्हणजे अमेरिकेतलीही सुरुवात खेळानेच झाली. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांची नेमबाजी इतकी कच्ची निघाली की १८७१ मध्ये दोन माजी अधिकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये ही संघटना काढली. उद्देश एवढाच की लोकांना नेम धरता यावा. १९३४ मध्ये मशीनगनवर पहिला मोठा केंद्रीय कायदा आला, तेव्हा एनआरएचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी काँग्रेससमोर साक्ष दिली. लोकांनी सर्रास बंदुका बाळगत हिंडावं हे मला मान्य नाही, त्यावर कडक बंधनं हवीत आणि परवान्यानेच ते व्हावं, असा तिचा आशय होता. आज हे कुणी बोललं तर त्याला संचालक मंडळात चहासुद्धा मिळणार नाही. पुढे १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर्स संघटनेचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका उघड घेऊन फिरू लागले. त्यावर बंदी घालणाऱ्या मलफर्ड कायद्याला एनआरएचा पाठिंबा होता आणि सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संघटना पालटली ती मे १९७७ मध्ये, सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत. जुन्या नेतृत्वाला वॉशिंग्टनमधून मुक्काम हलवून कोलोरॅडोला जायचं होतं आणि शिकार, निसर्ग, नेमबाजी यांतच रमायचं होतं. हार्लन कार्टर आणि नील नॉक्स यांच्या मागे उभ्या राहिलेल्या सभासदांनी ती सभा पहाटेपर्यंत लांबवून नेतृत्वच उलथवलं. आज आपण ज्या एनआरएबद्दल भांडतो ती त्या रात्रीनंतरची. १९८० मध्ये त्यांनी प्रथमच राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा दिला. तो रेगन यांना, मलफर्डवर सही करणाऱ्यांनाच.

पण तेव्हाही ही संघटना रिपब्लिकन पक्षाच्या दावणीला बांधलेली नव्हती, आणि हे तुमच्या दोन्ही काकांना माहीत नसणार. १९८९ मध्ये थोरल्या बुशनी काही अर्ध-स्वयंचलित (चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते अशा) रायफलींची आयात थांबवली. १९९२ च्या निवडणुकीत एनआरएने त्यांना पाठिंबा दिला नाही. १९९६ मध्ये बॉब डोल यांनाही नाही. १९९० मध्ये व्हरमाँटचे रिपब्लिकन खासदार पीटर स्मिथ यांनी रायफलींवरच्या बंदीची बाजू घेतली, तर एनआरए त्यांच्या विरोधात उतरली आणि निवडून कोण आले? बर्नी सँडर्स! व्हरमाँटचे गव्हर्नर असताना हॉवर्ड डीन यांच्या पाठीशी एनआरए वारंवार उभी राहिली, आणि ते डेमोक्रॅट. मिशिगनचे डेमोक्रॅट खासदार जॉन डिंगेल तर तिच्या संचालक मंडळावरच होते. १९९४ मध्ये, अशा रायफलींवरची बंदी ज्यात होती त्या गुन्हेविषयक विधेयकाला मत दिल्यावर त्यांनी ते पद सोडलं. अगदी २०१० मध्ये ओहायोत एनआरएने डेमोक्रॅट गव्हर्नर टेड स्ट्रिकलंड यांना पाठिंबा दिला. समोर रिपब्लिकन जॉन केसिक होते, पण त्यांनी १९९४ च्या बंदीला मत दिलं होतं ते संघटना विसरली नव्हती.

त्या काळातल्या त्यांच्या ताकदीचं मर्म हेच होतं. मी प्रश्नावल्या भरायचे तेव्हा आमच्या उमेदवाराला (ग्रामीण डेमोक्रॅट, गाईगुरं आणि हरणं असलेला मतदारसंघ) ए ग्रेड हवी असायची आणि ती मिळू शकते हे त्याला माहीत असायचं. उमेदवार बंदूकहक्काच्या किती बाजूचा आहे यावरून एनआरए ए प्लसपासून एफपर्यंत ग्रेड देते. ज्याने अजून सभागृहात एकही मत दिलेलं नाही, फक्त प्रश्नावलीची उत्तरं चोख दिली आहेत, त्याला ए आणि शेजारी क्यू. उत्तरच दिलं नाही तर प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह एफहून वाईट, असं आम्ही म्हणायचो. एफवाल्याला निदान दुसऱ्या बाजूची मतं तरी मिळतात. आणि नियम असा की विद्यमान सदस्याची नोंद चांगली असेल तर प्रतिस्पर्धी कितीही कडवा असला तरी पाठिंबा विद्यमान सदस्यालाच, पक्ष कोणताही असो. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर उधारी वेळेवर फेडणारी ही पेढी होती. तिचं काम करा, ती तुमचं करेल. म्हणूनच २०१० च्या जूनमध्ये निवडणूक खर्च उघड करण्याचं विधेयक आणताना हाउसमधल्या (काँग्रेसच्या खालच्या सभागृहातल्या) डेमोक्रॅट नेत्यांनी एनआरएसारख्या मोठ्या संघटनांना खास सूट दिली होती. शत्रूच्या घरात एवढी वट होती.

मग बिनसलं कुठे? माझ्या मते तीन-चार मतदानांत.

एक, न्यायाधीशांच्या नेमणुका. २००९ मध्ये ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी निवडलेल्या सोनिया सोटोमायोर यांच्या नेमणुकीवरचं सिनेटरांचं मत एनआरएने ग्रेडमध्ये धरलं. सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवाराबाबत हे नवीन होतं. पुढच्या वर्षी एलेना केगन. सिनेटमधले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी नेवाडात नेमबाजीचं मोठं मैदान उभारायला मदत केली होती, आणि २०१० च्या मार्चमध्ये एनआरएचे प्रमुख वेन लापिएर तिथे जाऊन त्यांचं कौतुक करून आले. ऑगस्टमध्ये त्याच रीडना पाठिंबा नाकारला, मुख्य कारण ही न्यायाधीशांची मतं. आता, न्यायाधीश बंदुकीच्या खटल्यांत निकाल देतात, तेव्हा तो विषय संघटनेचा नाही असं मी म्हणणार नाही. पण आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या न्यायाधीशाला विरोध करा, अशी अट घातली की त्या पक्षातल्या कुठल्याही सदस्याला ए मिळवणं जवळपास अशक्य होतं. अट बंदुकीची राहत नाही, पक्षाची होते.

दोन, २०१२ च्या जूनमध्ये ओबामांचे अ‍ॅटर्नी जनरल (कायदा खात्याचे प्रमुख) एरिक होल्डर यांच्यावर हाउसच्या अवमानाचा ठराव आला. मूळ प्रकरण मेक्सिकोत गेलेल्या बंदुकांचं, तेव्हा संबंध होता. पण मतदान होतं कागदपत्रं देण्या-न देण्यावर. एनआरएने तेही ग्रेडमध्ये धरलं. सतरा डेमोक्रॅट घाबरून पलीकडे गेले. बाकीच्यांनी त्या दिवशी हिशेब मांडला असणार की आता ही ग्रेड आपल्या कामाची नाही.

तीन, सँडी हुक शाळेतल्या गोळीबारानंतरचं मँचिन-टूमी विधेयक. वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, आणि चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ ला, सिनेटमध्ये मत झालं. विधेयक आणणारे कोण होते? वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन, ज्यांनी २०१० च्या जाहिरातीत हातात रायफल घेऊन एका विधेयकाच्या कागदावर गोळी झाडली होती, आणि आपल्या पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन पॅट टूमी. दोघेही ए ग्रेडवाले. विधेयकात बंदी नव्हती. बंदुकांच्या प्रदर्शनांत आणि ऑनलाइन जाहिरातींतून होणाऱ्या विक्रीला पार्श्वभूमी तपासणी (घेणाऱ्याचा गुन्हेगारी इतिहास बघणं) लावायची, एवढंच. बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही तयार करणाऱ्यावर तुरुंगवासाची तरतूदसुद्धा त्यात होती. ५४ विरुद्ध ४६, सिनेटमध्ये पुढे सरकायला लागणारा साठचा आकडा न गाठल्याने पडलं. एनआरएने विरोध केला, तो त्यांचा अधिकार. मला खटकतं ते पुढचं. आर्कान्सॉचे डेमोक्रॅट मार्क प्रायर यांनी त्या विधेयकाविरुद्ध, म्हणजे एनआरएच्या बाजूने, मत दिलं. त्यापायी न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांच्या गटाने त्यांच्यावर जाहिरातींचा मारा केला. आणि २०१४ मध्ये एनआरएने पाठिंबा दिला तो त्यांचे प्रतिस्पर्धी टॉम कॉटन यांना. प्रायर हरले. तेव्हा हॅरिसबर्गमधल्या एका ग्रामीण डेमोक्रॅट आमदारांनी मला विचारलं होतं, "मग मी कशासाठी शिव्या खायच्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथे थोडं थांबून संघटनेची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही त्या पहिल्या काकांच्याच ओळीत बसेन. ग्रामीण डेमोक्रॅट २०१० मध्ये धडाधड पडले ते एनआरएमुळे नाही. अनेकांना तिचा पाठिंबा होता, तरी पडले. स्ट्रिकलंडही पडले. आरोग्य विमा, कोळसा, मंदी, सगळं एकदम अंगावर आलं होतं. आणि डेमोक्रॅट पक्षही शहरांकडे सरकला. पूर्वी बंदुकीचा विषय टाळणारे उमेदवार आता त्यावरच निवडणूक लढवतात. टाळी दोन्ही हातांनी वाजली. एका पक्षात मित्रच उरले नाहीत तर संघटनेने करायचं काय, हा प्रश्न खरा आहे.

पण हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेची परीक्षा विरोधकांशी भांडताना होत नाही. तिथे सगळेच शूर. आपल्या माणसाने तोच हक्क तुडवला तर ती काय करते, तिथे खरं कळतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण इथे जशीच्या तशी लागू पडते.

२८ फेब्रुवारी २०१८. पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेल्याला दोन आठवडे झाले होते. व्हाइट हाउसमध्ये टीव्ही कॅमेऱ्यांसमोर डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की धोकादायक माणसाच्या बंदुका आधी काढून घ्या, कायदेशीर प्रक्रिया नंतर बघू. हे वाक्य ओबामांच्या तोंडून निघालं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करा. वर्गणीची पत्रं त्याच रात्री छापून झाली असती, आणि ते वाक्य पुढची वीस वर्षं प्रत्येक पत्रावर आलं असतं. इथे काय झालं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एनआरएचे मुख्य लॉबिस्ट राष्ट्राध्यक्षांना भेटले आणि भेट छान झाली, राष्ट्राध्यक्षांना बंदूकबंदी नको आहे, असं जाहीर केलं. विषय संपला.

बंप स्टॉकचं तर त्याहून बोलकं. अर्ध-स्वयंचलित रायफल जवळपास मशीनगनसारखी झाडता येईल असा हा दस्त्याचा जोड. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास व्हेगासचं हत्याकांड झालं ते असे जोड लावलेल्या रायफलींनी. तेव्हा एनआरएनेच म्हटलं की यांवर जास्तीचे नियम हवेत. (त्याच पत्रकात ओबामा सरकारने हे जोड मंजूर केले होते हेही ठळकपणे सांगितलं होतं, सवय जात नाही.) डिसेंबर २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने हे जोड म्हणजे मशीनगनच असं ठरवून त्यांवर बंदी घातली. काँग्रेसमध्ये कायदा नाही, मतदान नाही. ज्यांनी कायदेशीरपणे पैसे मोजून घेतले त्यांनी ते नष्ट करायचे नाहीतर सरकारजमा करायचे, भरपाई शून्य. तुम्ही बंदूकहक्काच्या बाजूचे असाल तर याहून वाईट पायंडा शोधून सापडणार नाही, कारण शब्दाची व्याख्या बदलून मालमत्ता काढून घेतली गेली. एनआरएकडून नाराजीचं एखादं वाक्य आलं. कोर्टात गेल्या त्या दुसऱ्याच, गन ओनर्स ऑफ अमेरिका, फायरआर्म्स पॉलिसी कोअ‍ॅलिशन. शेवटी जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या एका बंदूकमालकाच्या खटल्यात तो नियम रद्द केला.

आणि त्याच्या चारच महिने आधी, ९ फेब्रुवारीला, ट्रम्प आमच्या हॅरिसबर्गला आले होते. इथे दर फेब्रुवारीत फार्म शोच्या आवारात मोठं आउटडोअर प्रदर्शन भरतं. गळ, होड्या, तंबू, शिकारी कुत्री, बंदुका, सगळं. २०१४ पासून ते एनआरए भरवते. मी दरवर्षी जाते, मक्याच्या पिठातला हॉट डॉग खाते आणि माणसं बघते. त्या दिवशी व्यासपीठावरून त्यांनी सांगितलं की माझ्या चार वर्षांत बंदुकांबाबत फार दबाव होता, पण आम्ही काहीही केलं नाही, झुकलो नाही. टाळ्या पडल्या. बंदीचा नियम त्या क्षणी लागू होता. समोरच्या गर्दीत असे कितीतरी जण असणार ज्यांनी स्वतःच्या हाताने ते जोड तोडले होते. मे महिन्यात डॅलसला एनआरएने पाठिंबा जाहीर केला. एका वाक्याची दुरुस्तीसुद्धा कुणी मागितली नाही.

ताट टाकून उठलेल्या काकांसमोर टीका मांडायची तर ही मांडा. त्यांना ती लागेल, कारण ती त्यांच्याच बाजूने केलेली आहे.

दुसरी टीका मला जास्त बोचते. ६ जुलै २०१६ च्या संध्याकाळी मिनेसोटात फाल्कन हाइट्स इथे पोलिसांनी एक गाडी थांबवली. चालक बत्तीस वर्षांचा, कृष्णवर्णीय, शाळेच्या उपाहारगृहात काम करणारा. त्याच्याकडे पिस्तूल बाळगण्याचा रीतसर परवाना होता. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने स्वतःहून, शांतपणे सांगितलं. काही सेकंदांत पोलिसाने गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. परवान्याच्या वर्गात मी हेच शिकले होते, की हात दिसतील असे ठेवा, आधी सांगा. त्याने तेच केलं. एनआरएचं पत्रक आलं ते दोन दिवसांनी, नाव न घेता, की घटना चिंताजनक आहे, तपास व्हावा, तथ्यं समोर आल्यावर अधिक बोलू. मग वर्षभर मूग गिळून गप्प. जून २०१७ मध्ये पोलीस निर्दोष सुटला, तेव्हाही संघटना म्हणून ठोस काही नाही. नंतर एका प्रवक्तीने मुलाखतींत थोडं बोलून घेतलं. कायद्याचं पालन करणाऱ्या परवानाधारकाचा हक्क हीच जिची सगळी ओळख, तिला याहून स्वच्छ प्रकरण कुठलं मिळणार होतं? पण पोलिसांविरुद्ध बोलणं त्या उन्हाळ्यात एका पक्षाच्या प्रचाराला परवडणारं नव्हतं. १९६७ चा मलफर्ड आठवा, असं मघाशी म्हटलं ते यासाठी. कृष्णवर्णीय बंदूकमालकांची स्वतःची राष्ट्रीय संघटना २०१५ मध्ये उभी राहिली आणि तिची सभासदसंख्या वाढत गेली, यात मला नवल वाटत नाही.

राज्यपातळीवरचा एक किस्सा, कारण तो मी जवळून पाहिला. इथल्या काही शहरांनी नियम केले होते की बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर पोलिसांना कळवा. बंदुकांचे नियम करायचा अधिकार राज्याचा, शहरांचा नाही, असा राज्याचा कायदा आहेच. तेव्हा त्या नियमांना आव्हान देणं गैर नव्हतं. पण २०१४ च्या अखेरीस जे झालं ते असं: तांब्याच्या तारा चोरणाऱ्यांना शिक्षा वाढवण्याचं एक विधेयक चाललं होतं. त्याच्या शेपटीला कलम बांधलं गेलं की एनआरएसारख्या संघटनेला, तिच्या कुणाचं नुकसान झालेलं असो वा नसो, शहरांवर दावा लावता येईल आणि खर्च शहराने द्यायचा. जानेवारी २०१५ मध्ये एनआरएने फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आणि लँकेस्टरवर दावे ठोकले. कित्येक लहान गावांनी वकिलाचा खर्च नको म्हणून नियम आपणच मागे घेतले. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण बंदुकीवर नव्हतं. आमच्या राज्यघटनेप्रमाणे एका विधेयकात एकच विषय असावा लागतो आणि तांब्याच्या तारांचा बंदुकीशी संबंध नाही. ज्या संघटनेचं सगळं म्हणणं घटनेच्या अक्षरावर उभं आहे तिने घटनेचं दुसरं अक्षर असं वळचणीला टाकावं? माझ्या टिपणात मी तेव्हा ही अडचण लिहिली होती. टिपणं कुणी वाचत नाही.

पैशांच्या भानगडींवर फार लिहीत नाही, ते कोर्टात शाबीत झालं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने लापिएर यांना संघटनेला सुमारे ४३.५ लाख डॉलर परत करायला सांगितलं. वीस-पंचवीस डॉलरची वर्गणी भरणाऱ्या शिकाऱ्यांच्या पैशांतून खासगी विमानं आणि भारी सूट. पण हे पक्षीय राजकारणाशी जोडलेलं कसं, ते बघा. संचालकांपैकी जे प्रश्न विचारत होते त्यांना शत्रूला मदत करणारे म्हणून गप्प केलं जायचं. सतत लढाई चालू आहे असं सांगितलं की हिशेब विचारणारा फितूर ठरतो. आपल्याकडच्या सहकारी बँका आणि साखर कारखाने पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता टीका वाया कुठे जाते ते.

"सिनेटर विकत घेतले" हे सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात पोकळ. त्यांच्या राजकीय समितीला एका उमेदवाराला एका निवडणुकीत पाच हजार डॉलरपर्यंत देता येतात, प्रायमरी (पक्षांतर्गत निवडणूक) आणि मुख्य मिळून दहा हजार. सिनेटच्या निवडणुकीत एवढ्यात फलकसुद्धा पुरेसे लागत नाहीत. २०१७ मध्ये एक यादी सगळीकडे फिरत होती, कुणी किती लाख घेतले याची. पहिलं नाव जॉन मॅकेन, ७७ लाख डॉलर. ते पैसे मॅकेनना मिळाले नव्हते. बहुतेक रक्कम २००८ मध्ये संघटनेने स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च केली होती. आणि हेच मॅकेन २०१३ मध्ये मँचिन-टूमीच्या बाजूने उभे राहिले! म्हणजे विकत घेतलेल्यांच्या यादीत पहिला असणारा माणूसच विरोधात मत देतो. शिवाय गेल्या काही निवडणुकांत बंदूकनियंत्रणवाल्यांकडेही भरपूर पैसा आहे. खरी ताकद पैशांत नव्हतीच. एखाद्या मंगळवारी विधेयक समितीत आलं की बुधवारी सकाळी कार्यालयातला फोन थांबायचा नाही, आणि फोन करणारा आपल्या आमदाराचं नाव, गाव, मागचं मत, सगळं जाणून असायचा. विरोधी बाजूचे लोक संख्येने जास्त असतील, पण ते मतदान दहा मुद्द्यांवर करायचे. हे एकावर. लोकशाहीत याला भ्रष्टाचार म्हणता येत नाही.

"दहशतवादी संघटना" हे तर नुकसानच करतं. लेटिशिया जेम्स यांनी २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलपदाच्या प्रचारात हा शब्द वापरला. पुढे आर्थिक गैरव्यवहाराचा खटला त्यांनी भरला तो भक्कम होता, पण एनआरएला कायम म्हणता आलं की हा राजकीय सूड आहे. आणि संघटनाच बरखास्त करण्याची मागणी न्यायाधीशांनी फेटाळली. दुसऱ्या एका प्रकरणात न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्याने विमा कंपन्या आणि बँकांवर दबाव आणला की एनआरएशी व्यवहार तोडा. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनआरएची बाजू उचलून धरली. निकाल कुणी लिहिला? सोटोमायोर यांनी, ज्यांच्या नेमणुकीला या संघटनेने विरोध केला होता. आणि एनआरएचं वकीलपत्र घेतलं होतं एसीएलयू या नागरी हक्कांच्या संघटनेने, जी बंदुकीच्या प्रश्नावर बरोबर उलट बाजूला आहे. शत्रूचाही हक्क राखणं दिसतं कसं, असं कुणी विचारलं तर मी हे प्रकरण दाखवते.

तिसरं, सगळ्यांना एकाच गोणीत भरू नका. या देशात साधारण तीस-बत्तीस टक्के प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे आणि त्यांतले बहुसंख्य एनआरएचे सभासद नाहीत. सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन (घटनेतल्या बंदूकहक्काच्या दुरुस्तीवरून हे नाव) मुख्यतः कोर्टात लढते. शिकागोच्या पिस्तूलबंदीवरचा २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांचा. पिंक पिस्टल्स समलिंगी लोकांच्या स्वसंरक्षणासाठी २००० पासून काम करतात. काही संघटना एनआरएहून कडव्या आहेत आणि काहींना बंप स्टॉकच्या वेळी ट्रम्पविरुद्ध उभं राहायची हिंमत झाली, ती कडवेपणामुळेच. आणि बोलताना शब्द नीट वापरा. एआर-१५ रायफलीच्या नावातला ए हा असॉल्टचा नाही, आर्मलाइट या कंपनीच्या नावाचा आहे. पूर्ण स्वयंचलित बंदुकांवर १९३४ पासून कडक बंधनं आहेत. यात एक चूक केलीत की समोरचा पुढचं ऐकत नाही, मग तुमचा मुद्दा कितीही बरोबर असो.

ग्रेड बघून मत द्यावं का, असंही तुमच्या मनात असेल. ग्रेड बघा, पण ती कशाकशावरून दिली ते बघा. आपल्याच टूमींचं उदाहरण घ्या. २०१३ नंतर त्यांची ए गेली, २०१६ मध्ये एनआरएने त्यांना पाठिंबा दिला नाही, आणि माजी खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्या नियंत्रणवादी संघटनेने, गिफर्ड्स स्वतः डेमोक्रॅट असूनही, या रिपब्लिकनला जाहीर पाठिंबा दिला. टूमी थोडक्यात निवडून आले. त्या बाजूचेही आता बहुतेक एकाच पक्षाला पाठिंबा देतात, तेव्हा हाच प्रश्न त्यांनाही विचारायचा: तुमच्या माणसाने चूक केली तेव्हा तुम्ही काय केलंत?

कंत्राटदार काकांकडे जाऊन बसायचं असेल तर बंप स्टॉकपासून सुरुवात करा, सँडी हुकपासून नको. चहा ते नक्की देतील. फक्त थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार टाळा. त्या दिवशी रायफलीने हरणं मारायचा मोसम उघडतो, आणि पहाटे चारलाच ते घराबाहेर पडलेले असतील.